आधी भाडे, मग घर

आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात आजोबांची एक शिसवी पेटी होती. तिच्यात भाड्याच्या पावत्यांची पुस्तके रचून ठेवलेली असत. १९७८ सालच्या एका पावतीवर दोन खोल्या आणि पुढची पडवी यांचे महिन्याचे भाडे लिहिले आहे: अकरा रुपये. वाड्याच्या मागच्या भिंतीला टेकू दिल्याबद्दल गवंड्याने साडेतीनशे रुपये घेतल्याची त्याच वर्षीची चिठ्ठीही त्या पेटीत निघाली. म्हणजे एका बिऱ्हाडाचे अडीच वर्षांहून जास्त भाडे एका टेकूत गेले. मालक आम्ही होतो, पण वाड्यात पहिला फ्रिज आला तो भाडेकरूंकडे. उन्हाळ्यात बर्फ मागायला मीच वाटी घेऊन जात असे.

हे पुस्तक भाड्याने देण्यासाठी घर घेऊ पाहणाऱ्यांसाठी आहे, आणि त्याची सुरुवात मी वाड्यापासून करते याला कारण आहे. आपल्याकडे मागच्या दोन पिढ्या घर भाड्याने द्यायला घाबरत होत्या आणि आजची पिढी त्या बाबतीत जरा जास्तच निर्धास्त आहे. ती भीती अडाणी नव्हती. मुंबई राज्याने १९४७ साली भाडेनियंत्रणाचा कायदा केला आणि जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. युद्ध आणि फाळणीच्या दिवसांत माणसांना छप्पर मिळावे हा त्यामागचा हेतू होता, तो रास्तही होता. पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षे टिकला. भाडे गोठले, दुरुस्ती थांबली, चाळी आणि वाडे खचत गेले. मुंबईत पागडी बोकाळली. मग मालकांनी लिव्ह अँड लायसन्सची वाट शोधली, तर १९७३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्यावर जागेत असलेले लोक थेट संरक्षित भाडेकरू ठरले. एका रात्रीत घर गेले, असे म्हणणारे मालक माझ्या लहानपणी घरोघर होते. त्यानंतर अनेकांनी रिकामा ब्लॉक वर्षानुवर्षे कुलूप लावून ठेवला, पण भाड्याने दिला नाही.

१९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात या गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अन्याय्य झाल्याचे म्हटले. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम २४ ने लिव्ह अँड लायसन्सने दिलेली राहती जागा मुदत संपल्यावर परत मिळवण्याचा सरळ मार्ग मालकाला दिला. मुदतीनंतरही न हलणाऱ्याला दुप्पट रक्कम भरावी लागते आणि प्रकरण नेहमीच्या दिवाणी कोर्टाऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे चालते. पुण्यात हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथे नोकऱ्या वाढल्या त्या काळात हे कलम हाताशी नसते, तर त्या भागांत इतकी घरे भाड्याने मिळाली असती की नाही, मला शंका आहे.

भीती गेली, आणि तिच्याबरोबर हिशेबही गेला. मी एकतीस वर्षे बँकेत काढली, त्यांतली शेवटची बारा गृहकर्जाच्या टेबलावर. तिशीतली जोडपी येत. पहिले घर झालेले, पगार दोन, आणि हातात एक वाक्य: ‘मॅडम, दुसरा फ्लॅट घेतोय, भाड्यातून हप्ता निघेल.’ मी कागदावर आकडे मांडायला घेतले की दोघांपैकी एकाचा चेहरा उतरे. कोणाचा उतरेल, हे मला आधी कधीच ओळखता आले नाही.

त्यांच्यासाठी मांडत असे तोच हिशेब इथे मांडते. आकडे उदाहरणाचे आहेत, पण पुण्याच्या पश्चिमेला हिंडून आलेल्या कोणालाही ते ओळखीचे वाटतील. दोन बेडरूमचा तयार फ्लॅट, करारातील किंमत ७५ लाख. मुद्रांक शुल्क पुणे शहरात स्थानिक संस्थेचा आणि मेट्रोचा अधिभार धरून सात टक्के, म्हणजे सव्वापाच लाख. नोंदणी फी तीस हजार. एजंटचे एक टक्का धरले तर पाऊण लाख. रंग, पंखे, गीझर, किचनच्या ट्रॉल्या, एखादे कपाट यांत अडीच लाख कधी गेले ते कळत नाही. घर दारापर्यंत आले ८३ लाख ८० हजारांना. हा आकडा लक्षात ठेवायचा, ७५ नव्हे. एजंट परताव्याचे गणित करतात ते ७५ वर.

भाडे २२,००० रुपये. वर्षाचे दोन लाख चौसष्ट हजार. ७५ लाखांवर साडेतीन टक्के, असे एजंट सांगतो आणि तो खोटे बोलत नसतो. फक्त तो थांबतो लवकर. घर वर्षात एखादा महिना रिकामे राहते असे धरा, उरले दोन लाख बेचाळीस. दर दोन वर्षांनी नवा भाडेकरू आणणाऱ्या एजंटला एक महिन्याचे भाडे, म्हणजे वर्षाला अकरा हजार. सोसायटीचा मेंटेनन्स तीन हजार, तो बहुतेक ठिकाणी मालकच भरतो: छत्तीस हजार. स्वतः राहत नाही म्हणून बिनभोगवटा शुल्क अडीच हजार. महापालिकेचा मिळकत कर बारा हजार. नळ, गळती, गीझर, दर दोन भाडेकरूंमागे रंग यांचे वर्षाला पंधरा हजार. सगळे वजा करून हातात एक लाख पासष्ट हजार पाचशे. ८३ लाख ८० हजारांवर दोन टक्क्यांनाही किंचित कमी.

आता कर्ज. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार तीस लाखांपर्यंतचे गृहकर्ज किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत, तीस ते पंचाहत्तर लाखांमधले ऐंशी टक्क्यांपर्यंत आणि त्यावरचे पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत देता येते. अशा घराच्या किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरत नाहीत. म्हणजे आपल्या फ्लॅटला जास्तीत जास्त साठ लाख, आणि खिशातून तेवीस लाख ऐंशी हजार. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता येतो ५२,०६९ रुपये. वर्षाला सव्वासहा लाख. भाड्यातून आले एक लाख पासष्ट हजार. उरलेले दर महिन्याचे अडतीस हजार पगारातून.

‘पण मुद्दलही फिटते ना!’ फिटते, पहिल्या वर्षी एक लाख वीस हजार. व्याज पाच लाख पाच हजार. व्याजातून निव्वळ भाडे वजा केले तरी तीन लाख चाळीस हजार कायमचे गेले. तेवढे भरून निघायला घराची किंमत वर्षाला साडेचार टक्के वाढावी लागते. खिशातून घातलेल्या तेवीस लाखांवर बँकेतल्या मुदत ठेवीइतके तरी सुटावे असे म्हटले, तर पावणेसात टक्के. आणि सुरुवातीच्या पावणेनऊ लाखांची वसुली त्याहून निराळी.

हा हिशेब उलट्या बाजूनेही मांडता येतो, आणि मला तोच जास्त उपयोगी वाटतो. महिन्याला निव्वळ १३,८०० रुपये हाती येणार असतील तर त्यांत साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचे किती कर्ज फिटेल? सोळा लाखांच्या आसपास. म्हणजे या घरात ‘भाडेकरू हप्ता भरतो’ हे वाक्य खरे व्हायला घराच्या किमतीच्या जेमतेम पाचव्या भागाएवढे कर्ज घ्यायला हवे. बाकीचे पैसे आधीच गाठीला हवेत.

भाडेकरूकडून हप्ता भरून घेण्याची कल्पना आपल्याकडे बरीचशी अमेरिकेतून भाषांतरित होऊन आलेल्या पुस्तकांतून आली. तिथे तीस वर्षांसाठी एकच व्याजदर बांधून मिळतो. महिन्याचे भाडे घराच्या किमतीच्या एक टक्का तरी असावे, असा तिथल्या गुंतवणूकदारांचा ठोकताळा आहे. तिथल्या मोठ्या शहरांतही तो आता क्वचित जुळतो. पण आपल्या ७५ लाखांच्या फ्लॅटला तो लावला तर भाडे पाऊण लाख व्हायला हवे. कर्जाचा दर साडेआठ आणि घराची कमाई दोन असेल, तर कर्ज जितके जास्त तितका खड्डा खोल. तिथे कर्ज घेतल्याने नफा फुगतो, इथे तेच कर्ज तोटा फुगवते. अशा पुस्तकांतील बाकीचा उपदेश कितीही शहाणपणाचा असला, तरी एवढा एक फरक विसरून तो इथे चालत नाही.

बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे घर चांगले, असाही एक समज आहे. त्याबद्दल मला आतल्या माणसाच्या अधिकाराने बोलता येते. बँकेचा वकील मालकीहक्क पाहतो, मूल्यांकन करणारा घराची किंमत पाहतो, आणि आमच्यासारखे लोक तुमचा पगार पाहतात. नोंदणी झालेला करार दाखवला तर काही बँका भाड्याचा थोडा भाग मिळकतीत धरतातही. पण हे घर भाड्यावर स्वतःच्या पायावर उभे राहील का, हा प्रश्न माझ्या बारा वर्षांत कोणत्याही अर्जाच्या नमुन्यात मला दिसला नाही. बँकेला घराची चिंता नसते, कारण हप्ता तुम्ही पगारातून भरणार हे तिला माहीत असते.

व्याजदर बदलता असतो, हे सगळ्यांना ठाऊक असते आणि कोणी मनावर घेत नाही. २०२२ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला रेपो दर चार टक्के होता. २०२३ च्या फेब्रुवारीत तो साडेसहा झाला. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे बाहेरच्या दराशी, बहुतेक रेपोशीच बांधलेली आहेत, त्यामुळे ही वाढ थेट कर्जदाराच्या अंगावर आली. साठ लाखांच्या कर्जाचा सात टक्क्यांनी हप्ता ४६,५१८ रुपये. साडेनऊ टक्क्यांनी ५५,९२८. बँका हप्ता न वाढवता मुदत वाढवतात, लोकांना ते बरे वाटते. पण कर्ज नवे असताना हप्ता तोच ठेवायचा म्हटले, तर साडेनऊ टक्क्यांनी साठ लाखांचे महिन्याचे नुसते व्याजच ४७,५०० होते. हप्ता व्याजालाही पुरत नाही, मुद्दल उतरायच्या ऐवजी चढते. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने दर बदलताना कर्जदाराला हप्ता वाढवायचा की मुदत हे निवडू द्या, असे बँकांना बजावले. ते पत्र आले तर न वाचता फाइलला लावू नका. आणि हाती पैसे आले की मुद्दल फेडत जा. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नाही.

करसवलतीच्या आशेने घर घेणाऱ्यांसाठी एक संपूर्ण प्रकरण आहे, इथे फक्त त्याचे सार. भाड्याच्या उत्पन्नातून भरलेला मिळकत कर वजा होतो, उरलेल्याच्या तीस टक्के सरसकट वजावट मिळते आणि कर्जाचे व्याजही वजा होते. मेंटेनन्स, रंग, एजंट यांना वेगळी वजावट नाही, ते त्या तीस टक्क्यांतच आले. आपल्या उदाहरणात व्याज धरून साडेतीन लाखांच्या आसपास तोटा निघतो. जुन्या करपद्धतीत त्यातले दोन लाखांपर्यंत पगारातून वजा होतात. नव्या पद्धतीत पगाराशी त्याचा काही संबंध उरत नाही. बहुतेक नोकरदार आता नव्या पद्धतीत आहेत, आणि त्यांना जुन्या पद्धतीची सवलत सांगून फ्लॅट विकणारे अजून भेटतात. आयकर अधिनियम, २०२५ हा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून जुन्याची जागा घेतो, म्हणून पुस्तकात मी आयकराच्या कलमांचे आकडे कटाक्षाने टाळले आहेत. बाईच्या नावावर घर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. मात्र पैसे नवऱ्याचे असतील तर भाडे कराच्या हिशेबात नवऱ्याच्याच मिळकतीत धरले जाते. ही दुसरी बाजू नोंदणी कार्यालयाबाहेर बसलेला एजंट सांगत नाही.

आता घर पाहायला जाऊ. माझा सल्ला थोडा आडवळणाचा आहे. ज्या भागात फ्लॅट घ्यायचा त्या भागात पहिल्यांदा भाडेकरू म्हणून जा. तीन एजंटांना सांगा, दोन बेडरूमचे घर भाड्याने हवे आहे. घेणाऱ्याला सांगितले जाणारे भाडे आणि राहायला येणाऱ्याला मागितले जाणारे भाडे यांतला फरक त्या एका दुपारी कळतो. किती घरे लगेच दाखवतात तेही मोजा. एकाच सोसायटीत सहा फ्लॅट दाखवायला तयार असतील, तर तिथे तुमचा सातवा असणार आहे.

रात्री आठच्या सुमाराला परत जा. किती खिडक्यांत दिवे आहेत ते पाहा. निम्मी इमारत अंधारात असेल तर तिथले मालकही तुमच्यासारखेच गुंतवणूकदार आहेत, आणि सगळे एकाच भाडेकरूच्या मागे आहेत. वॉचमनशी चहा घ्या. टँकर दिवसाला किती येतात, उन्हाळ्यात किती, हे चेअरमनपेक्षा तो खरे सांगतो. पुण्याच्या कडेच्या भागांत हा प्रश्न भाड्याच्या आकड्यात थेट उतरतो, कारण टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये येतो आणि मेंटेनन्स तुम्ही भरणार. सोसायटीच्या फलकावर एकट्या मुलांना घर देऊ नका, अशी सूचना असली तर निम्मे गिऱ्हाईक तिथेच गेले. जात, धर्म, अंड्या-मांसाचा वास असल्या गोष्टी पाहून भाडेकरू नाकारणारे मालक मी पुष्कळ पाहिले. तत्त्वाची चर्चा बाजूला ठेवली तरी त्यांची घरे इतरांपेक्षा जास्त महिने रिकामी असत, एवढे मी खात्रीने सांगते.

एकाच कंपनीच्या किंवा एकाच उद्योगाच्या भरवशावर घर घेणे हा आणखी एक खड्डा. २०२० साली टाळेबंदी झाली, आयटीतली मुले लॅपटॉप घेऊन गावी गेली, आणि हिंजवडीच्या आसपासच्या इमारतींत कुलपेच कुलपे दिसू लागली. त्याच काळात हप्ते थकल्याचे फोन मी घेतले. शाळा, रुग्णालय, महाविद्यालय, बाजार असे चार वेगळे आधार जवळ असलेला जुना भाग दिसायला साधा असतो, पण तिथे भाडेकरूंचा ओघ सहसा आटत नाही.

कागदपत्रांच्या प्रकरणाला मी जास्त पाने दिलेली नाहीत, कारण ते काम वकिलाचे आहे आणि वकिलाला पैसे द्यायला कुरकुर करू नये. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, इंडेक्स टू, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचे भागपत्र आणि थकबाकी नसल्याचा दाखला, जमिनीचे सोसायटीच्या नावे झालेले हस्तांतरण. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतीत स्वस्तात मिळाले म्हणून शिरू नका. किमतीतला काही भाग रोखीने मागणाऱ्याला नको म्हणा: वीस हजारांवरची अशी देवघेव कायद्यानेच बंद आहे, आणि कर्ज फक्त करारातल्या आकड्यावर मिळते.

बांधकाम चालू असलेल्या घराबद्दल मात्र दोन शब्द जास्त, कारण तिथे मी स्वतः पोळले. २०११ साली पूर्व पुण्यात एका मोठ्या गृहप्रकल्पात मी फ्लॅट नोंदवला. ताबा अडीच वर्षांत, असे कागदावर होते. तो मिळाला पाच वर्षांनी. मधल्या काळात व्याज चालू, भाडे शून्य, आणि बँकेत माझ्याच टेबलावर बसून मी लोकांना सावध करत होते. त्या वेळी रेरा नव्हता. २०१६ चा कायदा आणि २०१७ मध्ये सुरू झालेले महारेरा यांमुळे आता प्रकल्पाची नोंदणी, मुदत आणि तक्रारी संकेतस्थळावर दिसतात, ग्राहकांच्या पैशांतला सत्तर टक्के भाग त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो, आणि किंमत चटई क्षेत्रावर बोलली जाते, सुपर बिल्टअपच्या हवेतल्या चौरस फुटांवर नाही. धोका कमी झाला आहे, संपलेला नाही. भाड्यासाठी घेताय तर तयार घर घ्या. त्यावर जीएसटीही नाही, चालू बांधकामावर तो साधारणपणे पाच टक्के आहे.

भाडेकरू मिळाला की करार. ‘अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही’ हे वाक्य पुण्यातल्या प्रत्येक जिन्यात ऐकू येते. एका वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची नाही, हा देशभरचा नियम आहे, आणि अकरा महिन्यांची पद्धत त्यातूनच आली. पण महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ ने लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक केले आहे, मग मुदत कितीही असो. नोंदणी करून घेणे मालकाची जबाबदारी. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून महाग गोष्ट म्हणजे वाद झाला की कराराच्या अटी काय होत्या याबद्दल भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, ते खोडून काढायचे ओझे मालकावर. आणि वाचवतो तरी काय? दोन वर्षांचा करार, भाडे २२ हजार, परत करायची अनामत साठ हजार. एकूण भाडे पाच लाख अठ्ठावीस हजार, अनामतीवर दहा टक्क्यांनी धरलेले दोन वर्षांचे व्याज बारा हजार, आणि त्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक: १,३५० रुपये. शहरात नोंदणी फी एक हजार. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर हे काम घरबसल्या होते. पाऊण कोटीच्या घराला तेवीसशे रुपयांचे कुलूप लावायला कशाला मागेपुढे पाहायचे?

पोलिसांना भाडेकरूची माहिती द्या, सोसायटीला कराराची प्रत द्या. सोसायटीने बिनभोगवटा शुल्क मनाला येईल तसे लावले तर राज्य सरकारचा १ ऑगस्ट २००१ चा निर्णय दाखवा: सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, आणि सेवाशुल्क म्हणजे तुमचे सगळे मासिक बिल नव्हे. अनामत रक्कम खर्चू नका, वेगळ्या ठेवीत ठेवा. ती तुमची नसते. मुंबईकडे भाडे नाममात्र आणि अनामत भरमसाट अशी ‘हेवी डिपॉझिट’ची पद्धत आहे. ती रक्कम परत करायच्या दिवशी मालक नव्या भाडेकरूची वाट पाहत बसलेला मी पाहिला आहे.

परदेशी राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी एवढेच: मालक अनिवासी असेल तर भाडेकरूला भाड्यातून तीस टक्के आणि वर उपकर कापून भरावा लागतो. निवासी मालकांसाठी असलेली पन्नास हजारांची मर्यादा त्याला नाही. हे आधी सांगितले नाही तर भाडेकरू पळतो. शिवाय पुण्यातल्या काकांना कुलमुखत्यारपत्र देऊन निर्धास्त होण्यापूर्वी काकांना या वयात गळका नळ पाहायला जिने चढायचे आहेत का, हे एकदा विचारावे.

इतके वाचून कोणी म्हणेल, मग बाईंनी पुस्तक लिहिले कशाला? घर घेऊ नका, असे मी म्हणत नाही. भाड्याच्या घराचा एक गुण बँकेच्या ठेवीत नाही. ठेवीचे व्याज दहा वर्षांनीही तेवढेच असते, भाडे मात्र महागाईबरोबर चालते. वर्षाला पाच टक्के वाढ धरली तर आजचे २२ हजार दहा वर्षांनी ३५ हजारांच्या पुढे जातात. निवृत्तीला आलेली, हातात रक्कम असलेली, कर्ज अगदी थोडे लागणारी व्यक्ती, किंवा पुढेमागे मुलगी शिकायला त्या शहरात येणार आहे असे कुटुंब, यांच्यासाठी हा सौदा चांगला ठरू शकतो. निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशांतून मीही असाच एक फ्लॅट घेतला, जुन्या भागात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट असलेला. कर्ज नाही. किंमत वाढेल की नाही याचा मी विचार करत नाही, भाडे येते की नाही याचा करते. किंमत उद्याच्या गिऱ्हाइकाच्या मनात असते, भाडे आजच्या भाडेकरूच्या खिशातून येते. म्हणून पुस्तकाच्या प्रत्येक प्रकरणात गणित भाड्यापासून सुरू केले आहे.

शेवटच्या प्रकरणात एक तक्ता दिला आहे. घर पाहून आल्यावर त्याच रात्री तो भरायचा, एजंटचा फोन यायच्या आत. त्यातले बहुतेक रकाने लोक प्रामाणिकपणे भरतात, फक्त ‘रिकामे महिने’ या रकान्यात हात अडखळतो आणि शून्य लिहिले जाते. माझ्या स्वतःच्या घराच्या नोंदीत यंदा तिथे दीड आहे. जुने भाडेकरू एप्रिल संपता संपता बंगळूरला गेले, मे महिना रंगाऱ्याने घेतला, आणि नवे जोडपे आले ते जूनच्या मध्यावर, पहिल्या पावसात, गॅसची शेगडी प्लास्टिकमध्ये गुंडाळून.